पायाखालचा विषय

पदवीच्या प्रवेश-अर्जात अलीकडे 'मेजर' नावाचा एक रकाना आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो आणला, आणि मेजर-मायनर हे शब्द आता वर्ध्याच्या झेरॉक्सच्या दुकानांतही सहज ऐकू येतात. मी मराठी शिकवतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचा हा रकाना बहुधा इतरांनीच भरून दिलेला असतो. गेल्या उन्हाळ्यात मात्र कारंजा (घाडगे) तालुक्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्या घरी आली. तिचा थोरला भाऊ माझा विद्यार्थी होता, एवढीच ओळख. अर्जाच्या कच्च्या प्रतीवर तिने त्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले होते : भूभौतिकी.

हा शब्द तिला कुठे मिळाला, असे मी विचारले. वडिलांच्या संत्र्याच्या बागेत दोन बोअर कोरडे गेले होते. पहिले पाणाड्याने दाखवलेल्या जागी, दुसरे यंत्र घेऊन आलेल्या एका माणसाने दाखवलेल्या जागी. तीनशे फुटांपर्यंत नुसती दगडाची भुकटी वर आली. त्या दुसऱ्या माणसाने जमिनीत सळया ठोकून, तारा जोडून काही आकडे लिहून घेतले होते. आकडे म्हणजे काय, हे तिने विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले नाही. बहुधा त्यालाही ते ठाऊक नसावे. त्या आकड्यांचा अर्थ सांगणारे शास्त्र कोणते, ते तिने पुढे स्वतःच शोधून काढले.

हा विषय पदवीला वर्धा जिल्ह्यात कोठेही शिकता येत नाही, हे मला तिला सांगावे लागले. जिल्ह्यात विद्यापीठे आहेत. एक हिंदी भाषेचे, टेकडीच्या काळ्या खडकावर उभे असलेले. दुसरे सावंगीचे, वैद्यकाचे. वाणीची सोय झाली, शरीराची झाली; ज्या खडकावर दोन्ही उभी आहेत त्याची झाली नाही. हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आले की, 'येथे काय शिकवावे' हा प्रश्न ज्या गावाने देशाला विचारला, त्याच गावाच्या इतिहासात ही उणीव कशी राहिली, हे आपण कधी तपासलेलेच नाही. प्रस्तुत लेख त्या तपासाचा आहे.

आधी दगडाविषयी. वर्धा जिल्ह्याचा जवळजवळ सगळा भूभाग दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले बेसॉल्टचे थर पश्चिमेला फार जाड आहेत. कोयनेजवळ खणलेल्या वैज्ञानिक छिद्रात ते सुमारे सव्वा किलोमीटर भरले, किल्लारीला ३३८ मीटर. पूर्वेकडे येता येता ते विरळ होतात आणि नागपूरजवळ संपतात. म्हणजे आपण या प्रचंड दगडी गोधडीच्या पूर्वेकडच्या काठाजवळ राहतो. या दगडात पाणी वाळूसारखे सर्वत्र झिरपलेले नसते. ते वरच्या कुजलेल्या मुरमात असते, भेगांत असते, दोन थरांच्या सांध्यात असते. म्हणून एका धुऱ्याच्या अलीकडे विहीर तुडुंब आणि पलीकडे ठणठणीत, हा अनुभव इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे. तो नशिबाचा खेळ वाटतो, कारण ज्याने तो ठरतो ते डोळ्यांना दिसत नाही.

न दिसणाऱ्याविषयी माणूस आधी कथा रचतो. समुद्रपूर तालुक्यात गिरडला शेख फरीदांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर सुपारी-जायफळाच्या आकाराचे गोल, कठीण खडे सापडतात. कथा अशी : बंजारे माल लादून चालले होते, त्यांनी फकिराची थट्टा केली, आणि त्यांचा सगळा माल दगड होऊन पडला. भूशास्त्र त्यांना लाव्ह्याच्या पोकळ्यांत तयार झालेली झिओलाइट खनिजे म्हणते. दोन्ही स्पष्टीकरणांत 'हे इथे असायला नको होते, मग आले कसे?' हा एकच प्रश्न आहे, आणि म्हणून मला ती कथा अज्ञानाची खूण वाटत नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तला दकार्गल नावाचा अध्यायही असाच. माणसाच्या अंगात शिरा असतात तशा जमिनीतही असतात, ही त्यातली मूळ कल्पना. मग कोणते झाड, कोठे वारूळ, तेथून किती अंतरावर आणि किती पुरुष खोलीवर पाणी, याची लांबलचक जंत्री. आमचे पाणाडे हातात नारळ किंवा उंबराची काटकी धरतात, तेव्हा त्यांनी वराहमिहिर वाचलेला नसतो. पण शिरेची कल्पना त्यांच्या बोलण्यात शाबूत असते.

या खडकाकडे नव्या शास्त्राच्या नजरेने पाहणारा इथला पहिला मोठा अभ्यासक धर्मोपदेशक होता. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आला. शाळा चालवता चालवता त्याने लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळातले जीवाश्म गोळा केले, आणि त्याचा व रॉबर्ट हंटरचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या नाल्याच्या पुरात तो वाहून गेला. खडकाखालचे पाणी हा हिस्लॉपचा विषय नव्हता. इंग्रज सरकारचाही नव्हता. त्याला खडकाखालचा कोळसा हवा होता. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि वर्ध्याहून तिकडे जाणाऱ्या लोहमार्गाचे नावच 'वर्धा कोळसा सरकारी रेल्वे' असे पडले.

पाण्याची मागणी सरकारापुढे ठेवली ती साहित्याने. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. आपण तो वर्गात शिकवतो तेव्हा भटशाही, कुळकर्णी, कर्ज, दारिद्र्य यांवर थांबतो. पण पुढे उपायांचे प्रकरण आहे, आणि त्यात एक सूचना अशी आहे की, सरकारने पाणाड्यांकडून साऱ्या जमिनींची पाहणी करवावी, जिथे पाण्याचे झरे सापडतील त्या जागांच्या खुणा गावोगावच्या नकाशांवर कराव्यात, आणि सरकारी मदतीशिवाय विहिरी बांधणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. हा भूजल सर्वेक्षणाचा आराखडा आहे. साधन पाणाड्याचे, कारण हाताशी दुसरे साधन नव्हते. पण पद्धत आधुनिक : पाहणी, नोंद, नकाशा, आणि त्या नोंदीवर सर्वांचा हक्क. पाणाड्याचे गुपित त्याच्या डोक्यातून काढून गावाच्या कागदावर आणणे, हा त्यातला क्रांतिकारक भाग. मराठी गद्याच्या इतिहासात या परिच्छेदाची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतलेली नाही, असे माझे मत आहे.

नव्या साधनांशी मराठी माणसाची ओळख मात्र याच्याही आधी झाली होती. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेऊ लागली. बाळशास्त्री जांभेकर तिच्या कामाशी संबंधित होते, आणि केरो लक्ष्मण छत्रे विशीच्याही आत तिथे साहाय्यक म्हणून लागले. पुढे पुण्याला गणित शिकवणारे, टिळकांचे गुरू, ते हेच केरूनाना. पृथ्वीच्या पोटातल्या घडामोडी सुईच्या थरथरीवरून वाचायचे शिक्षण त्यांनी कोणत्याही विद्यापीठाशिवाय घेतले, कारण मुंबई विद्यापीठ निघायलाच १८५७ उजाडायचे होते. १९०० नंतर मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया बिघडतील म्हणून चुंबकीय वेधांचे काम १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आले. या परंपरेत साधन होते, चिकाटी होती, आकड्यांच्या वह्या होत्या. पण तिचे तोंड समुद्राकडे, जहाजांकडे आणि युरोपातल्या वेधशाळांकडे होते. घाटावरच्या विहिरीकडे ते वळले नाही.

फुल्यांचा हेतू आणि केरूनानांची साधने या दोन गोष्टी एका अभ्यासक्रमात येण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त होती, ते ठिकाण वर्धा होते.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, आर्यनायकम् दांपत्य असे लोक तिच्यात होते. डिसेंबरात अहवाल आला. हस्तोद्योग केंद्रस्थानी आणि बाकीचे विषय त्याच्याशी गुंफलेले, ही योजना सर्वांना माहीत आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते तिच्यातल्या सामान्य विज्ञानाच्या यादीकडे. निसर्गनिरीक्षण आहे, वनस्पती आहेत, प्राणी आहेत, शरीर आणि आरोग्य आहे, हवा-पाणी-आम्ल-क्षार यांचे रसायन आहे. रात्री दिशा आणि वेळ दाखवणाऱ्या ताऱ्यांची ओळखसुद्धा आहे. (काकासाहेबांचे ताऱ्यांचे वेड प्रसिद्धच आहे.) शेती हा हस्तोद्योग घेतला तर मातीही येते. मात्र मातीच्या खाली यादी उतरत नाही. सेवाग्रामच्या मुलाला सप्तर्षी ओळखता येतील. आपली विहीर कोणत्या थरात थांबली आहे, हे त्याला कोणी विचारणार नाही.

याचे कारण 'गांधीवाद यंत्राला भितो' असे सांगितले जाते. ते मला पटत नाही. शिवणयंत्राला गांधीजींनी स्वतः अपवाद केला होता. आणि मोजमापाचा जेवढा काटेकोरपणा सूतकताईत होता, तेवढा त्या काळच्या पुष्कळ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत नसेल. चार फुटांची तार, ६४० तारांची गुंडी, सुताचा अंक, त्याची समानता, त्याचा कस : हे सगळे रोज मोजले जाई, वहीत लिहिले जाई. विनोबांनी नालवाडीला तासन् तास टकळी फिरवून मजुरीचा हिशेब स्वतःच्या पोटावर ताडून पाहिला. असा माणूस चार सळयांना आणि एका विद्युत्-मापकाला बिचकला असता, हे संभवत नाही. त्या सळयांची रीत तर तेव्हा नवीही नव्हती. फ्रान्समध्ये श्लुंबर्जे आणि अमेरिकेत वेनर यांनी ती पहिल्या महायुद्धाच्या आसपासच मांडली होती. चार सळया एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमधला दाब मोजायचा. सळया जितक्या दूर नेऊ तितकी वीज खोल उतरते. घट्ट काळा दगड विजेला अडवतो. कुजलेला, ओला दगड तिला वाट देतो. त्रैराशिक आणि आलेख येणाऱ्या मुलाला हे समजायला एक आठवडा पुरेल. माझ्या मते अडचण भीतीची नव्हती. पाणी हा त्या लोकांच्या दृष्टीने श्रमाचा विषय होता, ज्ञानाचा नव्हता. १९५० च्या सुमारास पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग झाला तेव्हा विनोबा आणि त्यांचे सहकारी स्वतः विहीर खणायला उतरले आणि रहाट हातांनी फिरवू लागले. खणणे हाच धडा होता. कुठे खणावे, याचा धडा कोणी लिहिला नाही.

पवनारच्या जमिनीतून आणखी काही निघाले, ते साहित्याच्या माणसाला सोडवत नाही. आश्रमाच्या शेतात खणताना भरत-राम भेटीचे शिल्प हाती आले. वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटकांचे प्रवरपूर असे मांडले. ज्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे प्राकृत महाकाव्य आहे, त्याची ही राजधानी. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खनन केले. विद्यापीठ वर्ध्याच्या मातीत उतरले ते असे, वस्तीचे अवशेष जिथे संपतात तिथपर्यंत.

आता या कहाणीतला मला सर्वांत चटका लावणारा भाग. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत नई तालीम बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत नेण्याचे ठरले. विद्यापीठाच्या पायरीला 'उत्तम बुनियादी' हे नाव मिळाले. १९४८ मध्ये राधाकृष्णन आयोग नेमला गेला आणि १९४९ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात ग्रामीण विद्यापीठांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यामागची मुख्य प्रेरणा आर्थर मॉर्गन या अमेरिकन सभासदाची होती. हा मॉर्गन कोण? पेशाने पाण्याचा अभियंता. १९१३ च्या महापुरात ओहायोतले डेटन शहर बुडाल्यावर त्या खोऱ्याची पूरनियंत्रण योजना त्याने आखली. मग अँटिऑक महाविद्यालयाचा अध्यक्ष होऊन त्याने तिथे विद्यार्थ्यांना आळीपाळीने काम आणि अभ्यास करायला लावले. पुढे टेनेसी खोरे प्राधिकरणाचा पहिला अध्यक्षही तोच. त्याच टेबलाशी मेघनाद साहा बसले होते : पूरग्रस्त बंगालच्या खेड्यात वाढलेले भौतिकशास्त्रज्ञ, टेनेसीच्या नमुन्यावर दामोदर खोऱ्याची योजना व्हावी म्हणून लेखणी झिजवणारे. आणि तिथेच झाकीर हुसेनही होते, ज्यांच्या नावाने वर्धा योजनेचा अहवाल ओळखला जातो. नदी समजणारा अभियंता, पदार्थविज्ञानाचा आचार्य आणि वर्ध्याचा शिक्षक, तिघे एकाच आयोगावर. खेड्याच्या गरजेतून उगवणारे आणि तरीही साधनांनी सज्ज असे पृथ्वीचे शिक्षण आखण्यासाठी याहून योग्य माणसे एकत्र बसवता आली नसती.

अहवालातली कल्पनाही सुंदर होती. मध्यभागी विद्यापीठाच्या विशेष सोयी, भोवती लहान लहान निवासी महाविद्यालयांचे कडे, अर्धा वेळ अभ्यास आणि अर्धा वेळ प्रत्यक्ष काम. मॉर्गनचे या विषयावरचे पुस्तक सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघानेच छापले.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. १९५६ पासून देशात काही ग्रामीण संस्था निघाल्या. महाराष्ट्रापुरते सांगायचे तर गारगोटीला आणि अमरावतीला. त्यांना विद्यापीठ म्हणण्याऐवजी संस्था म्हटले गेले, पदवीऐवजी पदविका मिळाली. आपल्या मुलाने पदविका घेऊन खेड्यात राहावे, असे खेड्यातल्या बापाला वाटेना. त्यात त्याची चूक काय? सेवाग्रामची उत्तम बुनियादी मूठभर विद्यार्थ्यांपलीकडे गेली नाही.

त्याच काळात भूभौतिकी मात्र भारतात विद्यापीठीय विषय म्हणून उभी राहत होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत वाराणसी, खरगपूर, धनबाद, विशाखापट्टणम येथे तिचे शिक्षण सुरू झाले. १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, १९६१ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था निघाली. ही ठिकाणे पाहिली की विषयाची दिशा कळते : कोळसा, तेल, धातू. नोकरी तिथे होती, म्हणून अभ्यासक्रम तिथे गेला. महाराष्ट्राने पायाखालच्या दगडाची दखल घेतली ती त्याने हादरा दिल्यावर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हलली, तोवर दख्खनचे पठार अचल समजले जात होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या झोपेत, किल्लारी परिसरात सुमारे १०,००० माणसे गेली. भूकंपांमुळे वेधशाळा वाढल्या. पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे आली, आणि सळया ठोकून रोधकता मोजण्याची रीत तिच्याबरोबर सरकारी जीपमधून खेड्यांत पोहोचली. पण ती 'साहेबांची' रीत म्हणून पोहोचली. गावातल्या कोणाला ती शिकवली गेली नाही. तिचा पोशाख तेवढा काही हुशार लोकांनी उचलला, आणि त्यातलाच एक त्या मुलीच्या वडिलांच्या बागेत येऊन गेला.

२००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी आले, त्यांत वर्धा होता. आत्महत्यांच्या कारणांत कर्ज मोजले गेले, कापसाचा भाव मोजला गेला. कोरड्या बोअरवर गेलेले पैसे त्या कर्जात असतात. त्यांचा वेगळा रकाना मी कधी पाहिला नाही.

मी तिला काय सांगितले? मेजर भौतिकशास्त्र घे, जोडीला गणित सोडू नकोस, भूशास्त्र मायनर मिळेल असे महाविद्यालय नागपुरात पाहा. मग पदव्युत्तर शिक्षणासाठी खरगपूर, धनबाद, हैदराबाद, मुंबई. हे सगळे तिला आधीच ठाऊक होते. तिचे वडील तोवर गप्प होते. त्यांनी एकच विचारले : "सर, हे शिकून हिले आपल्या वावरातलं पानी सांगता येईन का?" मी म्हटले, नक्की सांगता येणार नाही, या दगडात कोणालाच येत नाही. पण कुठे खणू नये, हे पुष्कळदा सांगता येईल. ते थोडा वेळ विचार करत राहिले. "ते तरी कोन सांगते?" असे म्हणाले.

निघताना मी तिला 'असूड' काढून दिला आणि पाणाड्यांची ती जागा दाखवली. तिने उभ्या उभ्याच वाचली, दोनदा वाचली. मग विचारले, "मग सर, ते नकाशे झाले का?"

काही झाले, मी म्हटले. नव्वद-शंभर वर्षांनी. पण ते पाणलोटांचे आहेत, वावरांचे नाहीत. तिने तो रकाना पेनाने भरला की नाही, हे मी विचारले नाही. पुस्तक मात्र घेऊन गेली आहे.